गाडीचं तोंड

खंडेनवमीच्या दिवशी गिऱ्हाईक घेऊ नये, असं काशीनाथचे वडील सांगून गेले होते. वडिलांचं बाकी काशीनाथनं फारसं काही ऐकलं नव्हतं, पण हे एक त्याला पटलेलं होतं. वर्षातून एक दिवस हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा हलेपर्यंत त्यांना बोट लावायचं नाही. नेम काही मोठा नव्हता. पण परभणीच्या स्टेशन रोडवर रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेल्या माणसाला एवढाही नेम सुखानं पाळता येत नाही. वर्षभर मुके पडलेले रेडिओ लोकांना नेमके त्याच दिवशी आठवतात.

त्या सकाळी साडेनऊला झरीच्या आबासाहेबांची गाडी दुकानापुढं थांबली, तेव्हाच काशीनाथनं ओळखलं की आजचा दिवस आपला नाही.

गाडी परदेशी होती. हैदराबादच्या कुणा डॉक्टरकडून आबासाहेबांनी ती गणपतीत घेतली होती आणि तेव्हापासून झरी ते परभणी रस्त्यावर तिच्याएवढं कौतुक आमदाराच्या जीपचंही होत नव्हतं. आबासाहेब पुढच्या दारातून उतरले, मागच्या दारातून त्यांच्या पत्नी कमलबाई झेंडूच्या फुलांची पिशवी सांभाळत उतरल्या, आणि ड्रायव्हर आश्रुबा उतरलाच नाही. तो स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला.

आबासाहेबांनी एक खोकं काउंटरवर आणून ठेवलं. "काशीनाथ, हे बसव."

खोक्यात नवा कोरा टेप होता. बटणं चांदीसारखी, आणि वर काळ्या काचेमागं दिव्यांची रांग. गाणं लागलं की ते दिवे लाल-हिरवे नाचतात, हे काशीनाथला सांगायची गरज नव्हती. पुर्ण्याचे सटवाजीराव, म्हणजे आबासाहेबांचे व्याही, यांच्या जीपमध्ये असाच टेप त्यानंच उन्हाळ्यात बसवला होता. खाज कुठं होती ते त्याला लगेच कळलं.

"आबासाहेब, आज खंडेनवमी हाय. बारा वाजता हत्यारं पूजेत जातेत."

"बाराला लय टाईम हाय. उद्या शिलंगणाला पुर्ण्याला जायचं. तवर झालं पायजे."

"आन् जुन्याला काय झालं?"

"त्याचं नाव काढू नको. अर्धी कॅसेट गिळतंय आन् भायेर ओकतंय. ह्या आश्रुबानं त्याच्या जत्रेतल्या कॅसेटा कोंबून कोंबून मशीनीचा सत्यानाश केला." हे आबासाहेब गाडीतल्या माणसाला ऐकू जाईल अशाच आवाजात बोलले. "रेडिओ तेवढा वाजतोय. टेप मेला. आता नवा टेप, आन् दसऱ्यापसून नवा डायवर. बोरीचा एक पोरगा बघून ठिवलाय."

कमलबाई फुलांच्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

आश्रुबा आबासाहेबांकडं सोळा वर्षं होता. आधी ट्रॅक्टर, मग जीप, आता ही. पन्नाशीला टेकलेला माणूस. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं कंबर गेलेली. गाडीवरून उतरवला तर शेतात खुरपं धरायच्याही कामाचा राहिला नव्हता. हे साऱ्या झरीला ठाऊक होतं आणि आबासाहेबांना सगळ्यात जास्त. काशीनाथला वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या गड्याबद्दल आपण काय बोलणार, म्हणून त्यानं पेचकस उचलला.

खरी बेजारी पुढंच होती. साध्या गाडीत टेप बसवायचा म्हणजे चार स्क्रूंचा खेळ. ॲम्बेसेडरला डॅशबोर्डखाली पट्टी ठोकली, टेप टांगला, दोन वायरी जोडल्या, गिऱ्हाईक खूश. ही गाडी तशी नव्हती. हिच्यात कंपनीनं रेडिओ, टेप, घड्याळ, थंड हवेची बटणं, सगळं एकाच काळ्या पॅनलमध्ये असं बसवलं होतं की कुठं काय सुरू होतं आणि कुठं संपतं ते कळू नये. एकत्र कुटुंबातल्या वाटणीसारखं, एकाला हलवायला गेलं की चौघं ओरडणार.

"आबासाहेब, ह्याच्यात हा नवा बसणार न्हाई. ह्याचं माप येगळं. वरून रुंद, खालून निमुळतं. नवा हाय चौकोनी. माझं ऐका, जुना हाय तसा राहू द्या, नवा खाली टांगतो."

"खाली टांगलेला टेप टेंपोला असतोय."

"मंग पॅनल कापावं लागल."

"मंग काप."

"एकदा कापलं की पुन्ना जुळत न्हाई. असं पॅनल हिंदुस्थानात मिळायचं न्हाई."

"काशीनाथ, तू डाक्टर हायस का वकील? सांगितलं तेवढं कर."

काशीनाथनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पॅनल काढायलाच पाऊण तास गेला. एक स्क्रू ॲशट्रेच्या मागं, दोन घड्याळाच्या टोपणाखाली, आणि एक कुठं होता ते शेवटपर्यंत कळलंच नाही, तो आपोआप तुटला. आबासाहेब दारातून वाकून दर दोन मिनिटांनी "हळू, हळू" म्हणायचे आणि लगेच "जल्दी कर" म्हणायचे. आश्रुबानं बॅटरी धरली होती. तिचा उजेड काशीनाथच्या हातावर सोडून सगळीकडं पडत होता.

"आश्रुबा, उजेड माझ्याकडं धरा की. गाडीच्या छताला काय बघायलाव?"

"जी," आश्रुबा म्हणाला आणि उजेड आणखीनच हलला.

आत दुकानाच्या मागच्या खोलीतून काशीनाथची बायको हेमा दोनदा डोकावून गेली. तिचा पाट मांडून झाला होता. कमलबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या होत्या आणि झेंडूची माळ ओवता ओवता दर फुलामागं बाहेर बघत होत्या.

शेवटी पॅनल निघालं. काशीनाथनं ते काउंटरवर ठेवून नवा टेप त्याच्यावर धरून बघितला. डाव्या कोपऱ्यात दोन बोटं प्लास्टिक आड येत होतं. आबासाहेब खांद्यावरून वाकले. त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास काशीनाथच्या नाकात शिरला.

"एवढंच ना? काप."

"आधी जुना उघडून बघतो. काय बिघाड हाय ते—"

"तुला एकदा सांगितलं ना, जुन्याचं नाव नको. साडेदहा झाले. काप आदुगर."

सोळा गावांत पंच म्हणून फिरणाऱ्या माणसापुढं रेडिओवाल्याचं काय चालणार? काशीनाथला स्वतःचाच राग आला, आणि रागाच्या भरात त्यानं हेक्सा ब्लेड उचललं. कर्र कर्र आवाज झाला. डाव्या कोपऱ्यात दोन बोटांएवढी फट पडली आणि काळा भुसा काउंटरवर सांडला. इतकं सुबक पॅनल त्यानं आजवर पाहिलं नव्हतं आणि त्याला पहिला घाव त्यानंच घातला होता. आबासाहेबांना मात्र आता काम मार्गी लागल्यासारखं वाटलं. "मी समोर च्या घेऊन येतो," म्हणत ते रस्ता ओलांडून हॉटेलात गेले.

नव्या टेपाला मागं जागा किती, हे बघायला काशीनाथनं जुन्या टेपाचे चार स्क्रू सोडवले आणि पेटी बाहेर ओढली. ओढताना ती वाजली.

खुळ्ळ.

त्यानं पुन्हा हलवली. पुन्हा तेच. टेपात खुळखुळण्यासारखं काही नसतं. चाकं असतात, पट्टा असतो, पण सुटं काही नसतं. बॅटरीचा उजेड एकदम विझला. आश्रुबानं बटण दाबलं होतं.

"आता दिवसाढवळ्या कशाला पायजे," आश्रुबा म्हणाला.

मागच्या खोलीतून कमलबाईंचा आवाज आला. "काशीनाथ भाऊ, जुनं कामून उघडायलाव? मालक न्हाई म्हणले ना."

आता मात्र काशीनाथचं डोकं तापलं. सकाळपासून प्रत्येकजण त्याला काय करायचं ते सांगत होता, आणि जे करायला हवं ते सोडून सगळं. त्यानं पेटी काउंटरवर आणली, झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत अर्धी सुपारी होती. तिच्याशेजारी कुंकू लागलेल्या अक्षता, वाळून तपकिरी झालेलं पानाचं देठ, आणि कॅसेट बसायच्या खाचेत नीट आडवं पडलेलं चार आण्याचं नाणं. बाकी मशीन तेल घातल्यासारखी स्वच्छ होती. एक दाता झिजला नव्हता. काशीनाथनं नाणं चिमट्यानं उचललं, अक्षता फुंकून काढल्या, काउंटरवरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला दोन वायरी लावल्या आणि एक कॅसेट आत ढकलली. मशीननं ती अलगद गिळली. चाकं फिरू लागली.

त्यानं त्या फिरणाऱ्या चाकांकडं बघितलं. मग कापलेल्या पॅनलकडं बघितलं. मग आश्रुबाकडं.

"हे काय हाय?"

आश्रुबानं आधी मागच्या खोलीकडं बघितलं, मग जमिनीकडं. "विडा हाय."

"मला दिसायलाय विडा हाय. आत कसा गेला?"

कमलबाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात अर्धी माळ. त्यांनीच सांगितलं, आणि इतक्या हळू की काशीनाथला पुढं वाकावं लागलं. गाडी झरीत आली त्या दिवशी त्यांनी तिला ओवाळलं. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. बैलाला पोळ्याला घास देतात, तसं हिलाही काहीतरी द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. नव्या जित्राबाचं तोंड गोड करतातच की. पण गाडीला तोंड कुठं असतं?

"मी आश्रुबाला इचारलं."

"आन् मी दाखवलं," आश्रुबा म्हणाला. "हितून कॅसेट गिळती, तर हेच तोंड असंल. मला काय मालूम. बाईंनी विडा ठिवला, दार आपोआप मिटलं. आमाला वाटलं पावली."

काशीनाथला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. त्याच्या हाताखाली दोन बोटांची फट होती आणि ती आता बुजणार नव्हती.

"आन् सव्वा महिना तुमी दोघं गप बसलाव? बाईसाहेब, ह्या माणसाची भाकरी जायलीय. बोरीचा पोरगा उद्या येणार. तुमाला एक शबुद बोलता येईना?"

कमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या बोलल्या ते वेगळंच. "तुमाला आमच्या मालकाचा सोभाव ठाव न्हाई. गाडी आल्यापसून ते व्याह्यासमोर ताठ मानेनं चालायलेत. मी असं केलं म्हणून कळलं तर जलमभर ऐकवतील. चार माणसांत ऐकवतील. तेवढं झाका, भाऊ."

"झाका," आश्रुबाही म्हणाला. "मी बाईंचं मीठ खाल्लंय. माजी भाची पोखर्णीला हाय, तिकडं जाईन."

ज्याची नोकरी जायची तो म्हणतो झाका. जिच्यामुळं जायची ती म्हणते झाका. आणि ज्याला कळायला हवं त्यानं तर पहिल्यापासूनच उघडू नको म्हणून हुकूम दिलेला. चांगली मशीन, चांगला माणूस, दोघंही उगाच काढून टाकायचे, आणि त्यावर पॅनल कापायला सगळ्यांना काशीनाथ सापडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अहो, बारा वाजायला आले," हेमा परात घेऊन आली. "हत्यारं द्या. पूजा राहिली."

"ने," काशीनाथ म्हणाला. त्यानं पेचकस टाकला, पक्कड टाकली, हेक्सा ब्लेड टाकलं, सोल्डरची काडी टाकली. परात खणखणली. मग त्यानं वायरी काढल्या आणि तो जुना टेपही उचलून परातीत ठेवला. "हेबी ने. ह्याचीबी पूजा कर. ह्या दुकानात ह्याच्याएवढं सोसलेलं दुसरं काही न्हाई."

हेमानं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि एक अक्षर न विचारता परात आत नेली. बाराएक वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की हा माणूस रागात असला की खरं बोलतो, आणि खरं बोलत असला की त्याला प्रश्न विचारायचे नसतात.

आबासाहेब परत आले तेव्हा काउंटर मोकळा होता. गाडीच्या डॅशबोर्डला भोक, भोकातून लोंबणाऱ्या वायरी, बाजूला कापलेलं पॅनल, आणि नवा टेप खोक्यात.

"हे काय? काम?"

"हत्यारं पाटावर गेली, आबासाहेब. आता उद्या पूजा हलल्यावर."

आबासाहेबांचा चेहरा लाल झाला. पण पूजेत बसलेल्या हत्याराला हात लाव म्हणायची छाती त्यांनाही नव्हती. त्यांच्या वाड्यातले नांगर-कुळव आज तसेच बसलेले होते. कुणावर तरी राग काढायला हवा होता. तो जिथं नेहमी निघायचा तिथंच निघाला.

"आश्रुबा, समदं तुझ्यामुळं. आता गाडी गावात नेऊन लाव आन् किल्ली घरात दे. उद्यापसून येऊ नको."

"जी," आश्रुबा म्हणाला.

त्या 'जी'त काही नव्हतं, ना रुसवा ना विनवणी. सोळा वर्षं जसं म्हणत आला तसंच तो म्हणाला. काशीनाथचं तोंड उघडलं. त्याला सगळं सांगून टाकायचं होतं, पण दारातून दिसणाऱ्या कमलबाईंकडं बघून ते तसंच मिटलं. त्या पाटासमोर बसल्या होत्या. हेमानं हत्यारांना हळदकुंकू वाहिलं होतं आणि विड्याचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं होतं, कारण घरी आलेल्या सवाष्णीचा मान असतो.

कमलबाईंनी ताटातलं पान उचललं. त्याच्यावर सुपारी ठेवली, चार अक्षता ठेवल्या. पण विडा पाटावर ठेवला नाही. तो घेऊन त्यांचा हात जुन्या टेपापाशी गेला आणि कॅसेटच्या दारासमोर थांबला.

"गाडी घरी आली त्या दिवशी मी असंच ठिवलं होतं," त्या म्हणाल्या. नवऱ्याकडं न बघता, पण बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. "ह्याच्यात. सुपारी, अक्षता, चार आणे. मला वाटलं हे तोंड हाय. टेप त्याच्यामुळं बंद पडला. आश्रुबानं काई कोंबलं न्हाई."

स्टेशनवर एक आगगाडी शिट्टी देऊन गेली.

"तोंड म्या दाखवलं," आश्रुबा म्हणाला. "बाईंचं काई चुकलं न्हाई."

काशीनाथला आता गप्प बसणं जड झालं. "मशीन चांगली हाय, आबासाहेब. नाणं काढलं, चालू झाली. पण पॅनल कापलंय. आधी उघडून बघायचं सोडून कापलं, ते चुकलं माझं. तुमी काप म्हणलाव, पण ब्लेड माझ्या हातात होतं."

आबासाहेब एकेकाकडं बघू लागले. आपल्याला कुणीतरी घेरलंय असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

"बरं. समद्यांचं समदं चुकलं. मंग माझं काय चुकलं, तेबी सांगून टाका," ते टोचून म्हणाले.

कमलबाईंनी विडा हळूच पाटावर ठेवला, पेचकसाशेजारी.

"कुणालाच तुमाला काई सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "हे चुकलं."

आता उसळतील, असं काशीनाथला वाटलं. आबासाहेब उसळले नाहीत. मागच्या बंदात दगड लागून तडकलेली दुकानाची काच चिकटपट्टी लावून तशीच ठेवलेली होती. तिच्याकडं ते, जणू तीच बघायला आले आहेत, अशा लक्षानं बघत उभे राहिले. मग धोतराचा सोगा सावरून ते गाडीकडं गेले, दार उघडलं, आणि आत बसण्याआधी, आश्रुबाकडं पाठ करूनच म्हणाले, "उद्या आदुगर हितं येऊन हे जुनंच बसवायचं, मंग पुर्ण्याला. सातला ये. गाडी पुसून ठिव."

"जी," आश्रुबा म्हणाला. पण ह्या वेळी त्याला किल्ली लावायला दोनदा चाचपडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच पूजा हलवून काशीनाथनं जुना टेप जुन्या जागी बसवला. घड्याळ लागलं, थंड हवा आली, कॅसेट आत गेली आणि आतच राहिली. नव्या टेपाचं खोकं आबासाहेबांनी डिकीत टाकलं. पुर्ण्याला दाखवायला न्यायचं की परत द्यायचं, ते काही बोलले नाहीत. फक्त पॅनलच्या डाव्या कोपऱ्यातली दोन बोटांची फट तेवढी तशीच होती. काशीनाथनं कानशीनं तिच्या कडा घासल्या, काळा रंग लावला, तरी ती डोळ्यांत येत होती. त्याला ती बघवेना.

"हे असंच दिसणार," तो ओशाळून म्हणाला. "ह्याला माझ्याकडं इलाज न्हाई."

आबासाहेबांनी त्या फटीवरून बोट फिरवलं. मग मागं वळून म्हणाले, "कमल, तुझी सुपारी आण."

कमलबाई पुढच्या दारापाशी आल्या. त्यांच्या ओच्यात आपट्याच्या पानांबरोबर सुपारी होतीच. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघून घेतलं, खात्री करून घ्यावी तसं. मग सुपारी आणि चार अक्षता काशीनाथनं कापलेल्या त्या फटीत ठेवल्या आणि वरून हात जोडले.

"आता हिला तोंड झालं," आश्रुबा म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.